गावी गेलेल्या कामगाराची नोंद

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

बोईसरच्या आसपास दोन प्रकारचे उद्योग वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी चालत आले आहेत. एका बाजूला तारापूरचे अणुवीज केंद्र. तिथून १९६९ साली वीज मिळू लागली. दुसऱ्या बाजूला एमआयडीसीची औद्योगिक वसाहत. तिच्यात रसायने, रंग, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. दोन्हीकडे धोका आहे. पण कामगाराच्या अंगावर तो धोका किती आला हे लिहून ठेवण्याची रीत दोन्हीकडे सारखी नाही. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या फरकाबद्दल, आणि त्याचा कामगाराच्या म्हातारपणाशी काय संबंध आहे त्याबद्दल.

अणुकेंद्रात किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करणारा माणूस छातीवर एक छोटा बिल्ला लावतो. त्या काळात शरीरावर किती किरणोत्सार पडला, हे बिल्ला तपासून समजते. तो आकडा त्या माणसाच्या नावावर जमा होत जातो. आपल्याकडच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घालून दिली आहे ती अशी: पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. ही नोंद किती काळ जपावी? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मानक सांगते की कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत आणि काम सोडल्यानंतर निदान ३० वर्षे. माणूस निवृत्त झाला तरी नोंद निवृत्त होत नाही. कारण सरळ आहे. किरणोत्सारामुळे होणारा कर्करोग लगेच दिसत नाही. मध्ये कित्येक वर्षे जातात.

आता वसाहतीतल्या एखाद्या रासायनिक कारखान्याचा विचार करा. द्रावकांची वाफ, आम्लाचा धूर, बारीक धूळ, यंत्रांचा आवाज हे सारेही शरीरात हळूहळूच मुरते. मात्र तिथल्या कामगाराच्या छातीवर बिल्ला नसतो. कायद्याने याचा विचार केला नव्हता असे नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेवर नेमण्यापूर्वी कामगाराची वैद्यकीय तपासणी करावी, काम चालू असताना दर वर्षाच्या आत करावी आणि ते काम सुटल्यानंतरही करावी, असे त्यात आले. आरोग्याची नोंद कामगाराला पाहता यावी, हेही आले.

अडचण येते ती माणूस कंत्राटावर असला की. आज या ठेकेदाराच्या हजेरीत, दहा महिन्यांनी दुसऱ्याच्या. गेट बदलते, काम बदलते, रसायन बदलते. शेवटी खोकला जाईना, दम लागू लागला की तो जव्हार-मोखाड्याला किंवा उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, ओडिशात आपल्या गावी जातो. ‘तो कुठे गेला?’ असे विचारले तर उत्तर एकच मिळते, ‘गावी गेला.’

स्फोट झाला की आपण माणसे मोजतो. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळ कोळवडे इथल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि आठ जणांचा जीव गेला. तो पहिल्या पानावर आला, पंचनामा झाला, मदत जाहीर झाली. आजाराचा मात्र पंचनामा होत नाही.

आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना या ‘गावी गेलेल्या’ माणसाने फार पूर्वीपासून छळले आहे. विल्यम ओगल या इंग्रज डॉक्टरने १८८५ मध्येच दाखवले होते की जड कामे धडधाकट माणसांच्याच वाट्याला येतात आणि अशक्त झालेली माणसे ती सोडून जातात. म्हणून नुसत्या मृत्यूच्या आकड्यांवरून धंद्याचा धोका कळत नाही. पुढे याला ‘निरोगी कामगार परिणाम’ असे नाव पडले. एक उदाहरण घेऊ. समजा, एका विभागात २० कामगार आहेत. त्यांतल्या पाच जणांना श्वासाचा त्रास सुरू झाला. तीन वर्षांत चौघे सोडून गेले, त्यांच्या जागी चार तरुण पोरे आली. आता तपासणी केली तर २० पैकी एकच आजारी सापडेल. अहवालात लिहिले जाईल, ‘परिस्थिती समाधानकारक.’ प्रत्यक्षात तिथे काम केलेल्या २४ माणसांपैकी पाच आजारी पडलेले असतात.

याला उपाय आहे. सोडून गेलेल्यांचाही माग ठेवायचा. अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था आणि मुंबईत शीव इथली केंद्रीय श्रम संस्था या दोन्ही संस्थांचा हाच विषय आहे. खंबातचे अकीक घासणारे कारागीर आणि मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार यांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ कशी बसते, हे आपल्याकडच्या संशोधकांनी त्यांच्यात जाऊन अभ्यासले. गंमत अशी की मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर पालघर या दोन संस्थांच्या मध्येच येते.

न्यायालयानेही हे ओळखले आहे. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी एका ग्राहक संस्थेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेशही दिला.

आता म्हातारपणाच्या पैशाकडे येऊ. या योजनांचे गणित टिकून राहणाऱ्याच्या बाजूचे आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. हिशेब सोपा आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार १५,००० आणि सेवा १४ वर्षे असेल तर महिन्याला ३,००० रुपये. सेवा नऊच वर्षे असेल तर पेन्शन नाही, फक्त एकरकमी पैसे. (सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेनऊ वर्षे झालेला यात बसतो.) आजारपणामुळे माणूस आठव्या वर्षी गावी गेला, औषधपाण्यासाठी सगळा फंड काढला, की पेन्शनही गेली. म्हणजे आजाराच्या मोजणीतून जो गळतो, तोच पेन्शनच्या यादीतूनही गळतो.

पण कायद्यात अशा माणसासाठी काही दारे उघडी ठेवली आहेत आणि ती पुष्कळांना ठाऊक नाहीत. पेन्शनची दहा वर्षे एकाच मालकाकडे भरावी लागत नाहीत. वेगवेगळ्या कारखान्यांतली सेवा जोडता येते. नोकरी मध्येच सुटली तर पेन्शनचे पैसे काढून न घेता योजना प्रमाणपत्र घ्यावे. मागची वर्षे त्याने शिल्लक राहतात. नोकरीत असताना कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शन मिळू शकते. ग्रॅच्युइटीला एरवी एकाच मालकाकडची पाच वर्षे लागतात, पण मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ती अट लागत नाही. ईएसआयमध्ये निदान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवण्याची सोय आहे.

यातली अपंगत्वाची दारे उघडायला मात्र पुरावा लागतो. आपण कुठे, कोणत्या कामावर, किती दिवस होतो आणि तेव्हा आपली प्रकृती कशी होती, याचा पुरावा. म्हणून आरोग्याची नोंद हा केवळ डॉक्टरांचा विषय राहत नाही, तो पैशाचाही होतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, मोफत वार्षिक आरोग्य तपासणी, मुदतीच्या नोकरीवर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी या गोष्टी त्यांत आहेत. त्या कागदावरून वसाहतीतल्या गेटपर्यंत पोहोचायला हव्यात. तोवर कामगारबंधूंनी आणि भगिनींनी एवढे तरी करावे. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फंडाचा बारा आकडी यूएएन क्रमांक, ईएसआयचा क्रमांक आणि तपासणीच्या अहवालांची झेरॉक्स एका पिशवीत घालून घरी ठेवावी. गावी गेल्यावर डॉक्टरला आपण काय काम करत होतो ते आपणहून सांगावे. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला ‘तुझा धंदा काय?’ हे विचारलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. आपल्या गावोगावच्या डॉक्टरांनीही हा प्रश्न केसपेपरवर आणावा.

आणि एक गोष्ट सरकारने करावी. २०१४ मध्ये यूएएन आला तेव्हापासून कामगाराच्या पैशाला एक कायमचा क्रमांक मिळाला. मालक बदलला तरी तो बदलत नाही. अणुकेंद्रातला किरणोत्साराचा आकडाही असाच माणसाच्या मागे जातो. मग वसाहतीतल्या कामगाराच्या तपासणीचा अहवाल कारखान्याच्या कपाटातच का राहावा? पैशासारखाच तोही त्याच क्रमांकावर जमा झाला, तर कामगार गावी गेला तरी त्याची नोंद त्याच्याबरोबर राहील.