पेरणीची घाई आणि घरातला हिशेब



मृगाची पहिली सर आली की पारावर एकच प्रश्न असतो, "पेरायचं की थांबायचं?" शेजाऱ्याच्या रानात तिफण दिसली की आपल्यालाही घरात बसवत नाही. गेल्या साली अमक्याने लवकर पेरलं आणि त्याला साधलं, हेही आठवतं. पण त्याला साधलं ते पावसाने साथ दिली म्हणून. म्हणून त्याचा निर्णय बरोबर होता असे नाही.

२०२५ साल आठवा. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मे महिन्यातच रानं भिजली. पण पुढे मान्सूनची चाल जूनच्या मध्यापर्यंत अडखळली. लवकर आलेला पाऊस टिकेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

तेव्हा दोन्ही चुकांची किंमत मांडून पाहा. समजा, तुमचे ४ एकर सोयाबीन आहे. एकरी ३० किलोप्रमाणे १२० किलो बियाणे लागते. घाई केली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे आणि पेरणीचा खर्च मातीत जातो. दुबार पेरणीला पुन्हा तेवढाच पैसा, तोही बहुधा उसनवारीचा. शिवाय हवे ते वाण मिळेलच असे नाही. उलट थांबलात आणि पाऊस लागून राहिला, तर आठ दिवस जातात, उतारा थोडा घटतो. पण घरातले भांडवल शाबूत राहते. सोयाबीनची पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालते. मूग-उडदाची वेळ मात्र लवकर सरते, हेही ध्यानात ठेवा.

ज्याच्या विहिरीला पाणी आहे, तो एखादे संरक्षित पाणी देऊन पीक तगवू शकतो. त्याने थोडा धोका पत्करला तर चालेल. ज्याची शेती निव्वळ पावसावर आणि ज्याच्याकडे दुसऱ्या बियाण्याला पैसा नाही, त्याने ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरू नये. पाऊस एकच असला तरी दोघांचा निर्णय वेगळा असू शकतो.

सगळे एकाच पिकावर लावू नका. सोयाबीनच्या ४ ओळींमागे तुरीच्या २ ओळी घ्या. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते, तूर जास्त दिवस उभी राहते आणि तिची मुळे खोल जातात. ऑगस्टात खंड पडला तरी पुढचा पाऊस तुरीला कामी येतो. घरचे बियाणे असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. ७० उगवले तरच नेहमीच्या प्रमाणात पेरा.

सरपंच आणि तलाठी मंडळींना एक विनंती. मंडळातल्या पावसाचा आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून लावा. आकडा समोर असला, की माणूस शेजाऱ्याच्या तिफणीकडे पाहून पेरणार नाही.