शेपटीला धरलेला उंदीर आणि आपले औषध

आपण घेतो त्या बहुतेक औषधांची पहिली परीक्षा माणसावर होत नाही, प्राण्यांवर होते आणि त्यातही सर्वांत जास्त उंदरांवर. किती मात्रा चालेल, किती मात्रेला विषबाधा होईल, मेंदूवर काय परिणाम होईल, याचा पहिला अंदाज तिथेच बांधला जातो. म्हणजे आपल्या गोळीचा पहिला साक्षीदार उंदीर. हा साक्षीदारच भेदरलेला असेल तर त्याची साक्ष खरी कशी मानायची?

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी हा प्रश्न अगदी साध्या ठिकाणी तपासला. उंदीर पिंजऱ्यातून उचलायचा कसा? प्रयोगशाळांतली रूढ पद्धत म्हणजे शेपटी बुडाशी धरायची आणि उचलायचे. काम झटपट होते आणि चावा बसण्याची भीती कमी. या दोघींनी काही उंदीर शेपटीला धरून उचलले, काहींना प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत शिरू दिले आणि नळीसकट उचलले, तर काहींना ओंजळीत घेतले. 2010 साली ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. शेपटीला धरलेले उंदीर माणसाचा हात टाळू लागले, हाताळताना त्यांचे मलमूत्र जास्त सुटू लागले. नळीतून उचललेले उंदीर मात्र आपणहून जवळ येत.

पुढचा भाग आपल्या आरोग्याशी थेट जोडलेला आहे. उंदराची घबराट मोजण्यासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचा एक उंच मांडव वापरतात. त्याच्या दोन फाट्यांना भिंती असतात, दोन उघडे असतात. भित्रा उंदीर उघड्यावर येत नाही. चिंताविकारावरची औषधे तपासायला हेच साधन वापरले जाते. शेपटीला धरलेले उंदीर या मांडवावर जास्त भित्रे निघाले. औषधाचा थेंबही पोटात गेलेला नसताना! अशा वेळी घबराट आजाराची, औषधाची की उचलणाऱ्या हाताची, हे ओळखणार कसे?

2017 मध्ये केली गुव्हिया आणि हर्स्ट यांनी दोन वेगवेगळे वास ओळखण्याची चाचणी घेतली. शेपटीला धरलेले उंदीर वासाजवळ फिरकेनात, म्हणून चाचणीत मागे पडले. नळीवाल्यांनी फरक बरोबर ओळखला. वरवर पाहणाऱ्याने पहिल्या गटाला ‘मंदबुद्धी’ ठरवून टाकले असते. भेदरलेल्या जिवाला मठ्ठ म्हणायची सवय माणसांच्या शाळेतही आहे, ते असो.

पिंजऱ्यातला गारवाही साधी गोष्ट नाही. प्रयोगशाळेचे तापमान साधारण 22 अंश सेल्सिअस ठेवतात, ते कोट घातलेल्या माणसाला सोयीचे. उंदराला मात्र सुमारे 30 अंशांची ऊब लागते. अमेरिकेतील बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेतील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की उबेत ठेवलेल्या उंदरांमध्ये गाठी सावकाश वाढतात. थंडीत कुडकुडणाऱ्या उंदराची प्रतिकारशक्ती कर्करोगाशी नीट झुंजू शकत नाही.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 सालचा आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम 1998 चे. संस्थेची नोंदणी आणि प्रयोगापूर्वी नीतिविषयक समितीची मंजुरी, दोन्ही आवश्यक. पण समितीच्या कागदावर मंजूर झालेला प्रयोग प्रत्यक्षात सुरू होतो तो रोज पिंजरे साफ करणाऱ्या, दाणापाणी घालणाऱ्या परिचराच्या हातून. उंदीर सर्वांत जास्त वेळा त्याच्याच हाती लागतो. त्याला मात्र अनेकदा ना प्रशिक्षण, ना सवड. पिंजऱ्यांची रांग मोठी आणि वेळ थोडा, मग हात शेपटीकडेच जाणार. दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणता येईल?

आपल्या घरांतली अनेक मुले-मुली आज बी.फार्म, डी.फार्म, सूक्ष्मजीवशास्त्र शिकत आहेत. त्यांच्यासाठी सांगतो, या नळीला मोठा खर्च नाही. ती पिंजऱ्यातच ठेवून द्यावी, उंदीर तिच्यात खेळतो, लपतो, तिला सरावतो. उचलताना नळी त्याच्यासमोर आडवी धरायची आणि मागून हात हळूच पुढे न्यायचा, की तो आपोआप आत शिरतो. मग दोन्ही तोंडांवर तळहात सैलसर ठेवायचे. सुरुवातीला वेळ लागतो, नंतर हात बसतो. पुढच्या प्रात्यक्षिकाला आपल्या सरांना किंवा मॅडमना एवढे विचारून पाहा, आपल्या प्राणिगृहात उंदीर कसा उचलतात?