मेंदूचे चित्र आणि घड्याळाचे काटे

पक्षाघाताच्या रुग्णाचे तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, वाचा अडखळते. बाह्य लक्षणे ही अशी. आत मात्र दोन अगदी भिन्न घटनांपैकी एक घडलेली असते. बहुतेक वेळा वाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. काही वेळा वाहिनीच फुटते. पहिल्या प्रकारात गुठळी विरघळविणारे औषध तारक, दुसऱ्यात तेच मारक. आणि हा भेद निष्णात डॉक्टरालाही केवळ नाडी व लक्षणे पाहून खात्रीने सांगता येत नाही.

ही कोंडी सीटी स्कॅनने फोडली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. त्याचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हेत, अभियंता होते. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासमवेत मिळाले.

या चित्राविषयी एक गैरसमज मात्र जिवावर बेततो. ताजा रक्तस्राव त्यात पांढरा उमटतो. गुठळीने झालेली इजा पहिल्या काही तासांत पुष्कळदा दिसतच नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून नातेवाईक निश्चिंत होतात. वस्तुतः हात लुळा असून चित्र निर्दोष येणे, याचा अर्थ बहुधा गुठळी हाच असतो आणि त्वरा तेव्हाच करावयाची असते. विशिष्ट पद्धतीचे एमआरआय ती इजा लवकर दाखविते, हे खरे. परंतु त्याला वेळ अधिक लागतो, पैसाही अधिक.

अर्थशास्त्रात माहितीलाही मूल्य असते. येथे ती माहिती भाजीपाल्याहून नाशवंत आहे. मोठी वाहिनी तुंबल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळविण्याची मुदत १९९५ च्या चाचणीनुसार तीन तास होती, २००८ मध्ये ती साडेचार तासांवर गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखविले की, वाचविण्याजोगा भाग चित्रात शिल्लक दिसल्यास निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही गुठळी नळीवाटे काढणे लाभदायक ठरते. औषध दिल्यावर चोवीस तासांनी पुन्हा चित्र घेतात, त्याला बिल फुगविण्याची युक्ती समजू नये. गुठळी रोखणाऱ्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी नवा रक्तस्राव झालेला नाही, हे पाहणे आवश्यक असते.

आपल्याकडे यंत्राच्या उद्घाटनाचा सोहळा होतो. रात्री दोन वाजता ते चालविणारा तंत्रज्ञ आणि चित्र वाचणारा डॉक्टर यांच्या वेतनाची तरतूद कोण विचारतो? बंद खोलीतील यंत्र म्हणजे गोठलेले भांडवल. रुग्णालयाच्या दारापासून चित्रापर्यंत किती मिनिटे लागली, याची नोंद प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ठेवावी. कोणत्या जिल्ह्याला नवे यंत्र हवे आणि कोणत्या जिल्ह्याला केवळ रात्रपाळी, हे त्या आकड्यांवरून अंदाजपत्रक करणाऱ्यांना कळू शकेल.