दरखापासून मक्त्यापर्यंत

राज्याचा कारभार नासला म्हणजे नेमके काय झाले, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा व्यक्तींच्या शीलात शोधतो. अमुक कारभारी सचोटीचा होता, तमुक लाचखाऊ निघाला, एवढे म्हटले की आपले समाधान होते. परंतु मराठी राज्याच्या मुलकी व्यवस्थेचा इतिहास जो बारकाईने पाहील, त्याला असे दिसून येईल की माणसाचा लोभ सर्व काळी जवळपास सारखाच असतो, आणि त्याला आवर घालणाऱ्या संस्था जोवर शाबूत असतात तोवरच रयतेला राज्याचा आधार वाटतो.

या संस्थांचा पाया शिवछत्रपतींनी घातला. अंमलदाराला मुलूख तोडून न देता शक्यतो रोख वेतन द्यावे, आणि किल्ल्यावरील अधिकार एकाच इसमाच्या मुठीत न ठेवता हवालदार, सरनोबत व सबनीस यांच्यात असा विभागावा की कोणा एकाला परस्पर फितूर होता येऊ नये, ही त्यांची नीती सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, मोगली आक्रमणाच्या धामधुमीत, सरदारांना राखण्यासाठी वतने व सरंजाम देणे प्राप्त झाले आणि या नीतीला मोठे खिंडार पडले. तथापि तिच्या मुळाशी असलेली परस्पर नियंत्रणाची कल्पना नष्ट झाली नाही, आणि पेशव्यांच्या अमलात ती दरखदारांच्या रूपाने नांदत राहिली.

ही रचना कशी चाले, ते जवळून पाहण्याजोगे आहे. मामलतदार हा जिल्ह्याचा मुख्य अंमलदार खरा. परंतु दिवाणाने प्रत्येक हुकुमावर सही करावी, मजमूदाराने हिशेब तपासावा, फडणिसाने कागदावर तारीख घालून रोजचा जमाखर्च लिहावा, दफ्तरदाराने त्यावरून गोषवारा तयार करावा, पोतनिसाने वसुलाची व शिलकेची नोंद ठेवावी, पोतदाराने नाणे पारखावे, सभासदाने किरकोळ फिर्यादींची नोंद ठेवावी आणि चिटणिसाने पत्रव्यवहार सांभाळावा, अशी कामांची वाटणी होती. या दरखदारांची नेमणूक हुजुरातून होई. मामलतदाराला त्यांना दूर करता येत नसे. त्यांनी पाहिलेला हिशेब अखेरीस पुण्याच्या हुजूर दफ्तरात जाई, आणि तेथे दोनशेहून अधिक कारकून राज्यभरचे कागद पडताळीत असत.

असे असूनही लाच होतीच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात दरबारखर्च अथवा अंतस्थ या नावाने चालणाऱ्या रकमांचे वर्णन आहे. मंत्र्यांना व हिशेबनिसांना खूश ठेवण्यासाठी मामलतदार रयतेकडून जादा पट्टी वसूल करी; कालांतराने ही रक्कम इतकी ठरीव झाली की ती उघडपणे हिशेबात दाखल होऊन मंजूर होऊ लागली; आणि मग तपासनिसांना वश करण्यासाठी तिच्यावर आणखी एक गुप्त रक्कम रयतेवर बसू लागली. विजेत्याच्या लेखणीत पराजितांविषयी पूर्वग्रह असणे संभवते, हे मान्य करूनही या वर्णनातील मर्म डावलता येत नाही. लाच रिवाज बनली की तिची लाज जाते, आणि लाज गेली की तिला मर्यादा उरत नाही.

इतके होऊनही नाना फडणिसांच्या हयातीत दफ्तराचा धाक टिकून होता. 1800 साली ते निवर्तले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या अमलात अधिकारपदच विक्रीस निघाले. मामलती जास्तीत जास्त बोली करणाऱ्यास मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या वर्षी कोणी अधिक रक्कम कबूल केली की पहिल्याची उचलबांगडी होई. ज्याला पुढील साली आपण येथे असू की नाही याची शाश्वती नाही, तो विहीर बांधण्यास, पडजमीन लागवडीस आणण्यास अथवा दुष्काळात सूट देण्यास कशाला प्रवृत्त होईल? तो पोटमक्तेदार नेमी, पोटमक्तेदार पाटलास पिळी, आणि पाटील कुणब्यास. दाद मागावी तर न्यायाचा अधिकारही त्याच मक्तेदाराच्या हाती होता! 1818 साली पेशवाई बुडाली तिची कारणे अनेक आहेत. परंतु राज्य जाताना त्याच्या रक्षणार्थ उठण्याइतकी आपुलकी खेड्यापाड्यांतील रयतेत उरली नव्हती, तर त्याचा दोष बराचसा या मक्तेदारीकडे जातो.

दरखाची रचना निर्दोष होती, असे मुळीच नाही. दरख वंशपरंपरागत झाले, पित्याची जागा पुत्राला लायकी न पाहता मिळू लागली, आणि ज्याने पहारा द्यावयाचा तोच पहारेकरी हळूहळू वाटेकरी बनला. संस्था निर्माण करण्याइतकेच तिच्यात योग्य माणसांची निवड सतत होत राहील अशी तजवीज करणेही अगत्याचे असते.

आपल्या संविधानाने नियंत्रक व महालेखापरीक्षकाला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदच्युतीपासून संरक्षण दिले आहे. लोकायुक्ताचा कायदाही महाराष्ट्राने 1971 सालीच केला. ज्याच्या कारभाराची तपासणी करावयाची त्याच्या मर्जीवर तपासनिसाची भाकरी अवलंबून असू नये, हे दरखामागील तत्त्वच त्यांत दिसते. म्हणून एखाद्या मंत्र्याच्या अथवा अधिकाऱ्याच्या अपहाराची वार्ता वाचून संतापणाऱ्या प्रत्येक नागरिकाने एवढे अवश्य विचारावे : त्याचा हिशेब कोण तपासतो, तपासणाऱ्याला कोण नेमतो, त्याला दूर कोण करू शकतो, आणि बदलीसाठी व नेमणुकीसाठी पैसा मोजावा लागतो काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जेथे होकारार्थी येईल, तेथे मक्ता पुन्हा सुरू झाला असे निःशंक समजावे आणि त्याला सर्व सनदशीर मार्गांनी विरोध करावा.