पगारातील दोनशे रुपये आणि शिवारातील बांध

पुण्यातील बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात वजावटीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये. (मासिक २५ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना २०२३ पासून हा कर माफ आहे.) प्राप्तिकराची चर्चा घरोघरी होते, या कराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः १९७५ मध्ये महाराष्ट्राने हा कर बसवला तो ग्रामीण रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी. या हमीतून राज्यात जी कामे झाली, त्यांत शेतजमिनीवरील माती आणि पाणी अडवण्याच्या कामांचा वाटा मोठा राहिला आहे. म्हणजेच दुष्काळी तालुक्यातील एखाद्या बांधात शहरातील कारकुनाच्या आणि अभियंत्याच्या पगाराचाही अंश आहे. तो बांध आज कोणत्या स्थितीत आहे, हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे शहरी करदात्यालाही पोहोचतो.

एका हेक्टराचे गणित

जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एका हेक्टरावर दहा हजार लिटर पाणी पडते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या, म्हणजे अवर्षणप्रवण समजल्या जाणाऱ्या गावातही हेक्टरी ५० लाख लिटर पाणी आकाशातून येते. प्रश्न असतो तो त्याच्या थांबण्याचा. हा पाऊस मोजक्या दिवसांत आणि बऱ्याचदा जोरदार सरींनी पडतो. उतारावरचे पाणी वेगाने धावते आणि जाताना सुपीक मातीचा वरचा थर घेऊन जाते. राज्याचा सुमारे ८१ टक्के भूभाग बेसाल्ट या कठीण काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी साठण्यास जागा कमी. ते जिरते मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे पाण्याला जिरण्यासाठी उसंत मिळणे महत्त्वाचे ठरते.

मृद व जलसंधारणाची सारी कामे ही उसंत मिळवून देण्यासाठी असतात. डोंगरउतारावर सलग समतल चर, घळीत अनघड दगडांचे छोटे बांध, शेतात उताराला आडवी बांधबंदिस्ती, नाल्यावर मातीचे किंवा सिमेंटचे बंधारे आणि खाली पाझर तलाव, असा हा क्रम आहे. जाणकार त्याला ‘माथा ते पायथा’ म्हणतात. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे आणि चालणाऱ्याला थांबवायचे, हे त्यामागील सूत्र. हेक्टरी ५० लाख लिटरपैकी केवळ दहा टक्के पाणी जास्तीचे अडले, असे मानले तरी ते होते पाच लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबात सांगायचे तर ५० टँकर.

मातीचा हिशेबही असाच आहे. ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सरासरी हेक्टरी १६ टनांहून अधिक माती धुपून जाते. त्यातील सुमारे दहा टक्के माती जलाशयांत साचते. एक सेंटिमीटर मातीचा थर घडण्यास शतके लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या तोट्याचे स्वरूप कळते.

खर्च सरकारनेच का करायचा?

शेत शेतकऱ्याचे, पीक शेतकऱ्याचे. मग बांध सरकारने का घालून द्यायचा, असा प्रश्न शहरी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पाण्याच्या चालीत आहे. माथ्यावरची जमीन बहुधा वनखात्याची, गायरानाची किंवा गावातील गरिबाची असते. तिथे चर खणला, तर पाणी वाढते ते पायथ्याशी असलेल्या विहिरीत, आणि ती विहीर दुसऱ्याच कोणाची असते. वरच्या शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून खर्च करावा, असे त्याला वाटण्याचे कारण नाही. बांधात थोडी जमीनही अडकते आणि फायदा दिसू लागण्यास काही पावसाळे जातात. धुपलेली माती धरणात जाऊन बसते, तेव्हा तिची किंमत लाभक्षेत्रातील शेतकरी आणि नळाचे पाणी पिणारा शहरवासी मोजतो. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, अशी जेथे विभागणी असते तेथे सार्वजनिक पैसा लागतोच.

अर्थात, हा पैसा नेहमीच पूर्णतः अनुदानाच्या रूपात दिला गेला असे नाही. मुंबई प्रांतात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजना कायदा झाला, तेव्हा बांधबंदिस्तीच्या खर्चाचा काही भाग जमीनधारकाकडून वसूल करण्याची तरतूद होती. त्याही आधी, १९२३ मध्ये, पुण्याजवळच्या मांजरी येथे कोरडवाहू शेतीवरील संशोधनाला प्रारंभ झाला होता आणि १९३३ मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र उभे राहिले. या कामाचे शास्त्र असे पुणे आणि सोलापूरच्या जमिनीवरच घडले.

दुष्काळातून आलेला निधी

चित्र बदलले ते १९७२ च्या दुष्काळाने. लाखो हातांना काम देण्याची वेळ आली आणि विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने राज्यभर आकार घेतला. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कायद्याने रोजगार हमी निधी निर्माण केला. व्यवसाय कर आणि इतर काही कर व उपकरांचे उत्पन्न त्यात जमा करायचे आणि तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी ही रचना. ‘शहरांनी खेड्यांसाठी दिलेला कर’ असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल.

त्यानंतर योजनांची रांगच लागली. १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम आला. सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ मध्ये जलसंधारणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा घराघरांत पोहोचली. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला आणि अकुशल मजुरीचा भार दिल्लीने उचलला. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले आणि २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा. केंद्राच्या पाणलोट विकास योजनेत २०२१ पासून हेक्टरी खर्चाची मर्यादा १२ हजार रुपयांवरून सपाट भागासाठी २२ हजार आणि दुर्गम भागासाठी २८ हजार रुपये करण्यात आली. ५०० हेक्टरांचे एखादे छोटे पाणलोट या दराने उपचारित करायचे, तर १ कोटी १० लाख रुपये लागतात. शहरातील एखाद्या मोठ्या सदनिकेच्या किमतीत एका गावाचे शिवार बांधून होते, असे म्हणता येईल.

पैसा कुठे झिरपतो?

इतका पैसा आणि इतकी वर्षे खर्ची पडूनही दरवर्षी उन्हाळ्यात टँकर का लागतात? गैरव्यवहार हे एक उत्तर आहे आणि ते अनेकदा खरेही असते. मात्र सारी कामे प्रामाणिकपणे झाली असती तरी दोन त्रुटी उरल्याच असत्या.

पहिली त्रुटी देखभालीची. निधी मिळतो तो काम बांधण्यासाठी. चर दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो, मातीचा बांध फुटतो, बंधाऱ्याच्या फळ्या नाहीशा होतात. नवा बंधारा बांधण्यासाठी शीर्षक, अंदाजपत्रक आणि उद्घाटनाचा नारळ असतो. जुन्या बंधाऱ्यातील गाळ काढण्यासाठी सहसा काहीच नसते. काही ठिकाणी बांधाचे तंत्रच जमिनीला मानवले नाही. खोल काळ्या जमिनीत समतल बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळे पडते. अशा ठिकाणी शेतकऱ्यांनी ते बांध मोडून टाकले, यात नवल नाही. शिवाय माथ्यावरच्या शेकडो लहान कामांपेक्षा नाल्यावरचे एक मोठे काम यंत्राने लवकर होते, मोजायला सोपे जाते आणि छायाचित्रातही उठून दिसते. त्यामुळे पैशाचा ओघ माथ्याकडून पायथ्याकडे वळतो आणि वरून येणारी माती पायथ्याचे काम भरून टाकते.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. पाणी अडवण्यासाठी सार्वजनिक पैसा आहे. पण अडवलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकाला वापरायचे, याचा नियम नाही. उसाला हंगामभरात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. त्यातून ५०० मिलिमीटर पाऊस वजा केला, तरी हेक्टरी दीड कोटी लिटर पाणी जमिनीतून किंवा कालव्यातून द्यावे लागते. आपल्या वरच्या हिशेबाने तीस हेक्टरांवर अडवलेले जास्तीचे पाणी एका हेक्टर उसात संपते. ज्याच्याजवळ खोल विंधणविहीर आणि दमदार पंप, त्याच्या शेतात साऱ्या गावाचे पाणी जाते. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांचेही असेच. पावसाचे पाणी धरण्यासाठी अनुदानावर झालेली अनेक शेततळी प्रत्यक्षात भूजल उपसून भरली जातात.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये जलयुक्त शिवारवरील अहवालात नोंदवले, की ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करणे आणि भूजल पातळी वाढवणे या उद्दिष्टांवर त्याचा परिणाम अल्प झाला. त्यावरून मोठा राजकीय वाद झाला. तथापि, पाणी वाढवण्याच्या वेगापेक्षा उपशाचा वेग अधिक असेल, तर कोणत्याही सरकारच्या कोणत्याही योजनेची गत याहून वेगळी होणार नाही. भूजलाच्या नियमनासाठी २००९ चा कायदा राज्यात २०१४ पासून लागू आहे. त्यात खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद आहे. गावात मात्र तिचा धाक क्वचितच जाणवतो.

पुरंदरचा धडा

यावरचा उपाय शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुण्याला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे या पुण्यातील अभियंता-उद्योजकाने १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. बांध, पाझर तलाव, विहीर आणि झाडे या क्रमाने तिच्यावर पाणलोटाचे काम उभे केले. या अनुभवातून पाणी पंचायत आकाराला आली. तिचे महत्त्व बंधाऱ्यांपेक्षा नियमांत आहे. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, तर घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकर भिजेल एवढा. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क राहील. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावता येणार नाही. आणि योजनेच्या खर्चापैकी २० टक्के वाटा लाभार्थी शेतकरी आधी भरतील. ५० टक्के शासनाचे अनुदान आणि उरलेले ३० टक्के ग्राम गौरव प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज.

यातील सर्वच योजना पुढे टिकल्या नाहीत. तरीही सार्वजनिक पैसा घेताना गावाने सार्वजनिक नियम पाळले पाहिजेत, हा विचार येथे प्रत्यक्षात उतरला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तो पुढे नेला. आदर्श गाव योजनेत पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान आले. त्याबरोबरच शेतीसाठी विंधणविहिरी घेण्यावर बंदी आली. पावसाळा संपला की किती पाणी उपलब्ध आहे, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि मग रब्बीची पिके ठरवायची, ही तेथील रीत. तेथे झालेली बरीच कामे रोजगार हमीच्याच पैशातून झाली. पैसा तोच, नियम वेगळे आणि परिणामही वेगळा.

पुणेकरांनी काय विचारावे?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले असून जलसुरक्षेच्या कामांना अग्रक्रम आहे. मात्र बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी आहे. आजवर अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्रावर होता. यापुढे राज्याला मोठा वाटा उचलावा लागेल. व्यवसाय कराची २,५०० रुपयांची घटनात्मक मर्यादा मात्र १९८८ पासून तीच आहे. राज्याच्या वाट्याचा प्रत्येक रुपया त्यामुळे अधिक जपून वापरावा लागणार आहे.

या खर्चाशी संबंधित कृषी आयुक्तालय, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि वसुंधरा पाणलोट विकास यंत्रणा ही कार्यालये पुण्यातच आहेत. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मग किती बंधारे बांधले, या आकड्याऐवजी कामानंतर पाच वर्षांनी मे महिन्यात त्या गावच्या विहिरीत किती पाणी होते, हा आकडा यशाचे मोजमाप म्हणून जाहीर होण्यास अडचण कोणती? मंजूर रकमेतील ठरावीक हिस्सा देखभालीसाठी गावाच्या खात्यात राखून का ठेवू नये? आणि ज्या ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, तिला पुढच्या निधीत प्राधान्य का देऊ नये?

पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला वरच्या उतारावरील मातीशी आपला संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. खेड्यांसाठी दरमहा कर देणारे हे शहर आहे. त्या कराचा हिशेब खणलेल्या घनमीटरांऐवजी टिकलेल्या पाण्यात मागायला हवा. शिवारातील बांधाचे आयुष्य त्यानेच वाढेल.