वाफ काळी का झाली?

रात्रीचा दीड. उकडीचा मोदक, त्यावर मस्त वाफ, मागे कुंकवासारखा लाल रंग... फोटोशॉपमध्ये कसला भारी दिसत होता! आईची ही पहिली मोठी ऑर्डर. गणपतीचे दोनशे बॉक्स. प्रिंटिंगवाल्या काकांकडे लाल बॉक्सचं डिझाइन तयार होतं, त्यांना फक्त बॅकग्राउंड काढलेला मोदक हवा होता. मी लाल लेयरचा डोळा बंद केला, पीएनजी काढली. वाफेभोवती काळा चौकोन दिसला खरा, पण म्हटलं, लालवर ठेवला की जाईल. माझ्याकडे जातच होता की! मेल टाकून झोपले.

सकाळी काकांचा फोन. "ताई, मोदक खाली लागलाय का हो?"

घरातली डिझायनर म्हणजे वहिनी. तिला फाइल दाखवली, तर ती हसायलाच लागली. "अगं, वाफ स्क्रीन मोडवर आहे ना? स्क्रीनला खाली काहीतरी लागतं. तू खालचं काढूनच टाकलंस!"

तर मंडळी, भानगड अशी. वाफेचा फोटो काळ्या पडद्यासमोर काढलेला असतो. स्क्रीन मोडमध्ये काळा रंग खालच्या रंगात काहीच बदल करत नाही, म्हणून तो गायब झाल्यासारखा वाटतो. मल्टिप्लायमध्ये पांढऱ्याचं तेच. म्हणजे ब्लेंड मोड हा रंग नसतोच, ते गणित असतं. वरचा आकडा आणि खालचा आकडा मिळून उत्तर. खाली रिकामं असेल तर फोटोशॉप गणित करत नाही, लेयर आहे तसा दाखवतं. माझी वाफ मोदकावर झकास होती आणि मोदकाबाहेर काळीठिक्कर, ती त्यामुळेच.

आणि पीएनजी? १९९६ मध्ये आलेल्या या फॉरमॅटमध्ये प्रत्येक पिक्सेलचा रंग आणि तो किती पारदर्शक, एवढंच साठतं. त्या पारदर्शकतेच्या आकड्याला अल्फा म्हणतात. (ही कल्पना १९७०च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी काढली. हेच दोघं पुढे पिक्सारचे संस्थापक!) मल्टिप्लाय होतं की ओव्हरले, हे लिहायला पीएनजीत रकानाच नाही. ते पीएसडीत राहतं.

मग करायचं काय? वहिनीने दोन मिनिटांत केलं. फक्त वाफेचा लेयर चालू ठेवला, बाकी सगळे बंद. चॅनल्समध्ये जाऊन आरजीबीच्या चित्रावर कंट्रोल दाबून क्लिक. जितका भाग उजळ, तितका तो सिलेक्ट होतो. मग नवा लेयर, त्यात पांढरा रंग भरायचा, मोड नॉर्मल. जुनी वाफ बंद, मोदक चालू. झालं! आता काळं कुठे नाहीच, वाफेचा उजेड अल्फात गेला. सावली मल्टिप्लायवर असेल तर सिलेक्शन उलटं करून काळा रंग भरायचा. फोटोशॉप नसेल तर जिम्पमध्ये 'कलर टू अल्फा' आहे, फुकट.

मजा म्हणजे हा जुगाड नाही. करड्या छटांसाठी गणित तंतोतंत जुळतं. मी कागदावर करून बघितलं, शाळेनंतर पहिल्यांदाच! रंगीत प्रकाश असेल, समजा दिव्याची पिवळी झळाळी, तर मात्र जवळपासच जातं. ओव्हरलेचा तर नादच सोडा. तो खालच्या रंगाकडे बघून उजळ करायचं की गडद हे ठरवतो, त्यामुळे कुठल्याही बॅकग्राउंडवर चालेल अशी त्याची पीएनजी होत नाही. तो परिणाम मोदकापुरताच हवा असेल तर क्लिपिंग मास्क लावून मोदकातच मर्ज करा. बाहेरही हवा असेल तर सरळ खालच्या रंगासकट फाइल द्या. खरं तर मी तेव्हाच काकांकडून लाल डिझाइन मागवून त्यावर ठेवून बघायला हवं होतं. दीड वाजता कोण बघतंय?

दुपारी नवी फाइल गेली. काकांचा मेसेज आला, "आता उकडला." बॉक्स वेळेत आले. आईने एक हातात घेतला, चष्मा वर सरकवून नीट पाहिला.

"छान आहे गं. वाफ जरा कमीच वाटते, नाही?"