परवाना म्हणजे सातबारा नव्हे

घरातले वडीलधारे माणूस गेले की तेराव्यानंतर कपाटे उघडली जातात. सातबाऱ्यावर वारसनोंद, बँकेचे खाते, विजेचे मीटर, गॅसची जोडणी अशी कामांची यादी तयार होते. यादी संपता संपता कोणाला तरी आठवते, की माळ्यावर गोधडीत गुंडाळलेली बारा बोअरची बंदूक आहे. "असू दे, अण्णांची आठवण आहे," असे म्हणून ती पुन्हा माळ्यावर जाते. घरातल्या कोणालाही कल्पना नसते, की यादीतली बाकीची कामे सहा महिने रेंगाळली तरी चालेल, पण हे एक काम रेंगाळून चालत नाही.

बंदुकीबद्दलचे आपले बहुतेक समज सिनेमातून, पारावरच्या गप्पांतून आणि अमेरिकेतल्या बातम्यांमधून आलेले असतात. आपल्याकडचा कायदा मात्र स्वतःच्या रीतीने चालतो. शस्त्र अधिनियम, १९५९ हे त्याचे नाव. पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत 'हत्यार कायदा'. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि त्याने ब्रिटिशांचा १८७८ चा कायदा मोडीत काढला. सध्या त्याच्या जोडीला २०१६ चे शस्त्र नियम आहेत, आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आहे. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी परवाना काढलेल्या माणसाची माहितीही आज जुनी झालेली असू शकते.

गैरसमज १ : स्वसंरक्षण हा हक्क आहे, म्हणजे बंदूक बाळगणे हाही हक्कच

वस्तुस्थिती : हे दोन वेगळे विषय आहेत. अंगावर चालून आलेल्या माणसापासून स्वतःचा बचाव करण्याचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्यासाठी बंदूक बाळगण्याचा अधिकार मात्र कुठेच नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आपल्या घटनेने तसा हक्क दिलेला नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना करून दिली. विनापरवाना पिस्तुलाने कोणी खरोखर स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, तर गोळीबाराबाबत त्याला बचाव मिळू शकेल. पिस्तूल बाळगल्याचा गुन्हा वेगळा उरतोच.

सूट मिळालेले लोक आहेत, पण मोजके. कर्नाटकातल्या कोडगूमधील कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना बंदुकीसाठी परवाना काढावा लागत नाही. ही सूटही केंद्र सरकारच्या अधिसूचनेने दिलेली आहे आणि सध्या २०२९ पर्यंत आहे. तिला मुदत आहे, यावरूनच कळते की तोही हक्क नव्हे.

गैरसमज २ : 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणजे मोठ्या तोंडाची, जास्त ताकदीची बंदूक

वस्तुस्थिती : परवानाधारकांच्या तोंडी 'पीबी' आणि 'एनपीबी' हे शब्द सतत असतात. पीबी म्हणजे प्रतिबंधित, एनपीबी म्हणजे परवान्यावर मिळू शकणारे. पण ही विभागणी नळीच्या रुंदीवर झालेली नाही. बारा बोअरच्या बंदुकीची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. नळीच्या तोंडात बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती 'बारा' बोअर. ती सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळते. तिच्या निम्म्या रुंदीचे, ९ मिलिमीटरचे पिस्तूल मात्र प्रतिबंधित आहे. आणि जेमतेम एका मिलिमीटरने लहान असलेले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर पुन्हा परवान्यावर मिळते.

यातली मेख काडतुसात आहे. लष्कर आणि पोलिस वापरतात ती काडतुसे ज्या शस्त्रात भरता येतात, ते शस्त्र नागरिकाच्या हाती द्यायचे नाही, हे सूत्र आहे. म्हणून .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, तसेच .३८०, .४५५, ९ मिलिमीटर आणि .४५ ची सरकारी काडतुसे चालणारी पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित. सरकारी कोठारातून एखादी पेटी गायब झाली तरी ती बाजारातल्या बंदुकीत चालू नये, असा हा हिशेब. आयुध निर्माणीची नागरी शस्त्रे .३२ आणि .३१५ अशा वेगळ्या मापांत का दिसतात, याचे उत्तरही इथेच मिळते.

दुसरी कसोटी शस्त्र चालते कसे याची. घोडा दाबून धरला की काडतुसे संपेपर्यंत गोळ्या सुटतच राहतात, अशी स्वयंचलित शस्त्रे थेट कायद्याच्या व्याख्येतच 'प्रतिबंधित' आहेत. अश्रुधुरासारखा घातक वायू किंवा द्रव फेकणारी शस्त्रेही त्याच रांगेत बसतात. प्रतिबंधित शस्त्रांसाठी जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्त स्वतःच्या अधिकारात परवाना देऊ शकत नाहीत. केंद्र सरकारची खास मंजुरी लागते.

गैरसमज ३ : सायलेन्सर हा नुसता जोडसामानाचा तुकडा आहे, बंदूक थोडीच आहे

वस्तुस्थिती : कायद्याच्या नजरेत ती बंदूकच आहे. 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत गोळीचा आवाज किंवा नळीच्या तोंडची ज्वाला कमी करणारे जोडसामान स्पष्टपणे घातले आहे, आणि नियमांच्या अनुसूचीत त्याची जागा प्रतिबंधित गटात आहे. म्हणजे बंदूक परवान्याची असली तरी तिच्यावर चढवलेली आवाज दाबणारी नळी परवान्याची होत नाही. अग्निशस्त्राचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही त्याच व्याख्येत येतात. जोडीचा दुसरा भाग कोणाकडेच नाही आणि वापरायचा हेतूही नाही, अशा किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे. पण परदेशी संकेतस्थळावरून भाग मागवणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये, कारण शस्त्रे आयात करायला वेगळा परवाना लागतो.

गैरसमज ४ : गोळी झाडली तरच गुन्हा

वस्तुस्थिती : नुसते जवळ असणे हाच गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास २ ते ५ वर्षांची कैद होऊ शकते, प्रतिबंधित शस्त्र असेल तर ७ ते १४ वर्षांची. मुंबईला याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ठाऊक आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्तची कटाच्या आरोपातून सुटका झाली, पण एके-५६ रायफल आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल हत्यार कायद्याखाली तो दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो दोष कायम ठेवला आणि शिक्षा कमी करून ५ वर्षांवर आणली.

मग प्रवासी बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस विमानतळावर सापडले तर? काडतुसालाही परवाना लागतो, त्यामुळे पोलिसांचा ससेमिरा चुकत नाही. पण बाळगणे म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यातच सांगितले आहे. ती जाणीव नव्हती असे दिसले, तर उच्च न्यायालये असे गुन्हे रद्द करतात. तोवरचा मनस्ताप मात्र ज्याचा त्यालाच.

गैरसमज ५ : परवाना फक्त बड्या जमीनदारांना मिळतो, आणि अर्ज एकदा नाकारला की विषय संपला

वस्तुस्थिती : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ स्पष्ट म्हणते. वय २१ पूर्ण हवे. पोलिस चौकशी होते, गरज पटवून द्यावी लागते, शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि बंदूक घरात सुरक्षित कुठे ठेवणार हेही सांगावे लागते. पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्त, अन्यत्र जिल्हाधिकारी निर्णय देतात. परवाना नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास ती कळवावी लागतात. जनहितासाठी रोखून ठेवायची असतील तेवढाच अपवाद. नकाराविरुद्ध अपील करण्याचीही सोय आहे.

गैरसमज ६ : एकदा परवाना मिळाला की बंदूक कुठेही न्यावी, कोणालाही द्यावी, वरातीत बार काढावा

वस्तुस्थिती : परवाना ठरावीक माणसाला, ठरावीक शस्त्रासाठी, ठरावीक क्षेत्रापुरता आणि ठरावीक मुदतीसाठी असतो. ही मुदत आधी ३ वर्षे होती, ती २०१९ पासून ५ वर्षे झाली. परवानाधारकाची बंदूक दुसऱ्याने न्यायची, तर दुरुस्ती, नूतनीकरण किंवा खुद्द धारकाच्या वापरासाठीच, आणि तीही त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. मित्राला शिकारीसाठी दोन दिवस उसनी देणे यात कुठेच बसत नाही.

हळदीत किंवा वरातीत हवेत गोळीबार करण्याच्या हौसेला २०१९ मध्ये वेगळे कलम लागले. बेदरकारपणे किंवा आनंदोत्सवात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची आहे, हा यावर बचाव होत नाही. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, एवढे साधे त्यामागचे कारण आहे.

गैरसमज ७ : शेतीरक्षणाची बंदूक आहे, म्हणजे रानडुक्कर मारायला मोकळीक

वस्तुस्थिती : कोकणात आणि गोव्यात शेतीरक्षणासाठी बंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, अशी तरतूद कायद्यातच आहे. पण हत्यार कायदा बंदूक बाळगायची परवानगी देतो. प्राणी मारायचा की नाही, हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ठरवतो. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारण्यासाठी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्याच कायद्याचे कलम ३४ तर फार थोड्यांना ठाऊक आहे. अभयारण्यात किंवा त्याच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे आपल्या शस्त्राची नोंद करावी लागते. राधानगरी किंवा ताडोबाच्या आसपास राहणाऱ्याने हे अंतर मोजून पाहावे.

गैरसमज ८ : छऱ्याची बंदूक आणि तलवार यांच्याशी हत्यार कायद्याचा संबंध नाही

वस्तुस्थिती : छऱ्याच्या बंदुकीची नळी .१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत असेल आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. आणि परवाना लागत नाही म्हणून तिने मोर किंवा पोपट टिपता येत नाही. तिथे पुन्हा वन्यजीव कायदा आडवा येतो.

धारदार हत्यारांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा हिशेब आहे. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत, म्हणून स्वयंपाकघरातली विळी आणि उसाच्या फडातला कोयता निर्धास्त असतात. तोच कोयता चौकात दहशतीसाठी नाचवला, की तो अवजार राहत नाही. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून चित्रफीत टाकणाऱ्या तरुणांवर महाराष्ट्रात हत्यार कायद्याच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हे नोंदले जातात, ते याच हिशेबाने.

गैरसमज ९ : वडिलांच्या नावावर होती, म्हणजे आता माझी

वस्तुस्थिती : आता माळ्यावरच्या बंदुकीकडे येऊ. जमीन वारसाने येते, फेरफार नंतर होतो. बंदुकीची किंमत वारसाला मिळेल, ती बाळगण्याची परवानगी मात्र वारसाने येत नाही. परवाना मृत माणसाबरोबर संपतो. त्या क्षणापासून घरातली बंदूक विनापरवाना होते आणि कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. त्यानंतर वारसांपैकी कोणीही एक जण, बाकीच्यांचे ना-हरकत घेऊन, स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करू शकतो. परवाना नको असेल तर ती विकून टाकता येते. काहीच केले नाही, तर मुदतीनंतर नोटीस देऊन ती सरकारजमा होते.

हे टाळायचे तर २०१६ च्या नियमांत हयातीतच सोय आहे. धारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे राहिली, यातले जे आधी घडेल तेव्हा ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र एका माणसाकडे किती बंदुका, ही मर्यादा २०१९ मध्ये ३ वरून २ वर आली आणि वारशाने येणारी बंदूकही त्यातच मोजली जाते. विधेयकात मुळात एकच बंदूक होती, संसदेत ती संख्या २ झाली. नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत.

"पण ती गंजली आहे, चालतच नाही" हे उत्तरही अर्धेच आहे. दुरुस्ती करूनसुद्धा जिच्यातून गोळी सुटणार नाही, अशाच जुन्या शस्त्राला कायद्याने सूट दिली आहे. नुसता गंज त्या कसोटीला पुरत नाही, आणि ती कसोटी गोधडी उघडून आपण घरच्या घरी लावायचीही नाही.

म्हणून तेराव्यानंतरच्या कामांची यादी करताना बंदूक सगळ्यांत वर लिहावी. ती परवान्यासह पोलिस ठाण्यात न्यावी, जमा केल्याची पोच घ्यावी आणि ती पोच अण्णांच्या कागदांत जपून ठेवावी. सातबाऱ्याची वारसनोंद त्यानंतर सावकाश करता येईल.